सर कावसजी जहांगीर हॉल : एका सार्वजनिक वास्तूची कहाणी

मुंबईला सहलीस गेलेली आपली मुले गेट वे ऑफ इंडिया पाहतात, तेथून चालत रीगल सिनेमाच्या चौकात येतात आणि समोरच्या वस्तुसंग्रहालयाच्या घुमटाकडे बोट दाखवून एकमेकांना हाका मारतात. पण त्याच चौकात, रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला, एक देखणी दगडी इमारत उभी असते. तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. सहलीच्या यादीत तिचे नाव नसते आणि बरोबरच्या शिक्षकांनाही गाडीची घाई असते. या इमारतीचे नाव सर कावसजी जहांगीर पब्लिक हॉल. आज तेथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची मुंबई शाखा आहे.

या इमारतीची हकीकत आपल्या संस्थेच्या स्मरणिकेत का सांगावी, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर या लेखाच्या ओघात मिळेल अशी आशा आहे. ही हकीकत दानाची आहे, त्या दानाच्या झालेल्या हेळसांडीची आहे आणि हेळसांड झालेली वस्तू पुन्हा उभी करणाऱ्या माणसांचीही आहे. शिवाय या हकीकतीत आपल्या समाजाचा हात पायापासून घुमटापर्यंत आहे. तो आपणच विसरलो आहोत.

प्रथम नावाचा घोटाळा दूर करू. मुंबईत जहांगीर घराण्याच्या नावाच्या तीन वास्तू आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. मुंबई विद्यापीठाचे पदवीदान सभागृह हे सर कावसजी जहांगीर रेडीमनी या पारशी दानशूराच्या देणगीतून १८७४ साली पूर्ण झाले. आपण ज्याविषयी बोलत आहोत तो पब्लिक हॉल त्यांच्या वारसाने, म्हणजे पहिले बॅरोनेट सर कावसजी जहांगीर यांनी दिलेल्या दानातला. हा १९११ सालचा. आणि काळा घोडा येथील जहांगीर आर्ट गॅलरी ही तिसऱ्या पिढीने, दुसरे बॅरोनेट सर कावसजी यांनी आपल्या दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ दिली. तिचे उद्घाटन १९५२ साली झाले. एकाच घराण्याने तीन पिढ्यांत शहराला विद्या, सभा आणि कला यांसाठी तीन घरे बांधून दिली.

हा पब्लिक हॉल एकटा उभा नाही. त्याला लागूनच विज्ञान संस्थेची भव्य इमारत आहे. जुन्या काळी तिला रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स म्हणत. मुंबईतल्या मुलांना विज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी व संशोधनासाठी जागा हवी, या विचाराने हा सारा प्रपंच उभा राहिला. सरकारजवळ पुरेसा पैसा नव्हता. तो नागरिकांनी दिला. मोठे देणगीदार चार. कावसजी जहांगीर हे पारशी. सर जेकब ससून हे बगदादहून आलेल्या ज्यू घराण्यातले. वसनजी मुळजी हे व्यापारी. त्यांच्या नावाने तेथे ग्रंथालय झाले. आणि चौथे सर करीमभाई इब्राहिम. हे आपले, खोजा जमातीतले. परदेशी व्यापारातून आणि कापडगिरण्यांतून पुढे आलेले. एका आवारात या चौघांचा पैसा दगडात मिसळला. कोणता दगड कुणाच्या रुपयाचा, हे आता ओळखता येणार नाही. आणि ओळखता येत नाही यातच त्या दानाची थोरवी आहे.

करीमभाई सेठ येथेच थांबले नाहीत. रस्त्यापलीकडे जे वस्तुसंग्रहालय आहे, म्हणजे पूर्वीचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम आणि १९९८ पासूनचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, त्याच्या उभारणीलाही त्यांनी ३ लाख रुपये दिले. त्या काळचे ३ लाख म्हणजे काय, याची कल्पना आजच्या मुलांना येणार नाही. ज्या काळात आपल्या समाजात शाळेत जाणारी मुले बोटांवर मोजावीत अशी होती, त्या काळात एका मुसलमान व्यापाऱ्याला वाटले की विज्ञानशाळा आणि संग्रहालय ही आपल्याही दानाची जागा आहे. मशीद, मदरसा, मुसाफिरखाना आणि यतीमखाना यांना देणे हे तर आपण जाणतोच. करीमभाईंच्या नावाचा यतीमखानाही मुंबईत आहे. पण जे घर सर्वांचे आहे त्यालाही द्यावे, हे त्यांनी ओळखले. सदका-ए-जारिया म्हणजे देणारा गेल्यावरही वाहत राहणारे दान. अशा दानात ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि संग्रहालय का मोजू नये?

या सर्व वास्तूंचा शिल्पी एकच, जॉर्ज विटेट. हा स्कॉटलंडचा माणूस १९०४ साली मुंबईस आला आणि १९२६ साली येथेच वारला. गेट वे ऑफ इंडियाही त्याचाच. पब्लिक हॉल आणि विज्ञान संस्था त्याने युरोपीय धाटणीने बांधल्या. परंतु वस्तुसंग्रहालय बांधायची वेळ आली तेव्हा त्याने दख्खनकडे पाहिले. विजापूरचा गोल घुमट त्याने अभ्यासला आणि त्या धर्तीचा घुमट मुंबईच्या मधोमध उभा केला. सतराव्या शतकात मोहम्मद आदिलशहाच्या कबरीवर ज्या अनामिक गवंड्यांनी तो घुमट चढवला, त्यांची विद्या अडीचशे वर्षांनी मुंबईत कामी आली. आता पब्लिक हॉलच्या पायऱ्यांवर उभे राहून समोर पाहिले की तो घुमट नजरेत भरतो. दोन इमारती, एक शिल्पी. एकीचा चेहरा पश्चिमेचा आणि दुसरीचा विजापूरचा.

पब्लिक हॉल हा नावाप्रमाणे लोकांचा होता. येथे राजकीय सभा होत, व्याख्याने होत. पाश्चात्त्य संगीताच्या मैफली येथे गाजल्या. जगविख्यात व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांचे वादन याच सभागृहाने ऐकले. शहरातील नामांकित मंडळींना आपला कार्यक्रम येथे व्हावा असे वाटे.

पुढे काळ बदलला. स्वातंत्र्यानंतर शहरात नवी, वातानुकूलित सभागृहे झाली. लोक तिकडे वळले. जुन्या हॉलचे भाडे येईना, आणि जे येईल ते घेण्याची पाळी आली. ज्या जागी मेन्युहिनचे सूर घुमले तेथे मुष्टियुद्धाचे सामने झाले, कामगार संघटनांचे मेळावे झाले, लग्ने झाली, आणि शेवटी स्वस्त मालाचे सेल लागले. यातील कोणतीही गोष्ट वाईट नाही. लग्न हे शुभच आणि कामगारांचा मेळावाही हक्काचा. पण ज्या वास्तूला कुणी आपले मानीत नाही, भाड्यापुरतेच ओळखते, तिची डागडुजी कोण करणार? हॉलची रया गेली.

सुज्ञ वाचकहो, येथे क्षणभर थांबून आपल्या गावाकडे पाहू. प्रत्येक जुन्या कसब्यात एखादा मुसाफिरखाना, एखादी वक्फची इमारत, एखादी जुनी शाळा अशी असते की जिला कुलूप असते, किंवा जिच्या ओसरीत कुणाचे तरी गोदाम असते. बांधणाऱ्याचे नाव दारावरच्या दगडात असते आणि दगडावर चुना फासलेला असतो. इमारत पावसाने पडते असे आपण म्हणतो. पण पावसाच्या आधी ती माणसांच्या न येण्याने पडू लागलेली असते.

कावसजी जहांगीर हॉलचे नशीब असे की त्याला आपले म्हणणारी माणसे वेळेवर भेटली. दिल्लीत राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय १९५४ साली जयपूर हाऊसमध्ये सुरू झाले होते; तेही एका संस्थानिकाचे निवासस्थान. मुंबई ही आधुनिक चित्रकलेची मोठी पेठ, सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट हे १८५७ पासून येथे. तरी मुंबईला सरकारी आधुनिक चित्रालय नव्हते. ही उणीव बोलून दाखवणाऱ्यांत शिल्पकार पिलू पोचखानवाला आणि चित्रदालनाचे चालक केकू गांधी हे आघाडीवर होते. हा हॉल चित्रांसाठी द्यावा, असा ध्यास या मंडळींनी घेतला. पुढे केंद्र सरकारच्या संस्कृती खात्याकडे हे काम आले आणि त्याला तब्बल १२ वर्षे लागली. पोचखानवाला १९८६ साली वारल्या. दारे उघडली १९९६ साली. ज्या झाडासाठी त्यांनी खड्डा खणला त्याची सावली त्यांना मिळाली नाही. संस्था चालवणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. आपल्या शाळांच्या भिंतींवर ज्यांचे फोटो आहेत, त्यांपैकी किती जणांनी दहावीचा पहिला निकाल पाहिला?

हॉलचे चित्रालय करणे हे सोपे काम नव्हते. सभागृहाला लागते मोठी मोकळी जागा आणि उंच छत. चित्रांना लागतात भिंती आणि सांभाळून सोडलेला प्रकाश. बाहेरचे रूप तर वारसा म्हणून जसेच्या तसे ठेवायचे. वास्तुविशारद रोमी खोसला यांनी यावर तोडगा काढला. जुन्या दगडी कवचाला बाहेरून धक्का न लावता आतल्या पोकळीत एकावर एक अशी अर्धगोलाकार दालने रचली आणि ती जिन्यांनी जोडली. आत शिरणारा माणूस चित्रे पाहत पाहत वर चढतो आणि शेवटी अगदी वर, घुमटाखालच्या दालनात पोहोचतो. बाहेरून १९११, आतून १९९६. जुने पाडले नाही आणि नवे अडवलेही नाही. आपल्याकडे जुन्या इमारतीविषयी दोनच मते असतात : एक म्हणतो पाडा, दुसरा म्हणतो हात लावू नका. तिसरी वाट असते, ती या इमारतीत शिरले की दिसते.

१९९६च्या अखेरीस येथे ‘द मॉडर्न्स’ हे प्रदर्शन भरले. ते होते १९४७ साली मुंबईत स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचे आणि त्यांच्या सोबत्यांचे. या मंडळाचे पहिले सहा सभासद असे : फ्रान्सिस न्यूटन सोझा, कृष्णाजी हौळाजी आरा, सय्यद हैदर रझा, मकबूल फिदा हुसेन, सदानंद बाकरे आणि हरी अंबादास गाडे. गोव्याचा ख्रिस्ती, काही हिंदू, मंडल्याच्या जंगलातून आलेला मुसलमान आणि पंढरपूरला जन्मलेला मुसलमान. देशाची फाळणी होत असताना हे तरुण एका खोलीत बसून एकमेकांची चित्रे पारखत होते. ज्या आवाराचा पाया चार धर्मांच्या दानाने भरला गेला, तेथे पंचाऐंशी वर्षांनी पहिली चित्रे टांगली गेली तीही अशा मंडळाची. हा योगायोग असेल. पण मुंबई शहराचा स्वभाव सांगणारा आहे.

यांपैकी कुणीही सोन्याचा चमचा तोंडात घेऊन जन्मले नव्हते. आरांनी घरकाम केले, मोटारी धुतल्या. रझांचे वडील जंगलखात्यात नोकरीला होते. मुंबईत आल्यावर रझांनी ब्लॉक तयार करणाऱ्या स्टुडिओत नोकरी करून चित्रकला शिकली. लहानपणी वर्गात त्यांचे लक्ष लागत नसे, तेव्हा शिक्षकांनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे एकटक पाहत राहावयास सांगितले. तो ठिपका रझांच्या मनात राहिला आणि पुढे पॅरिसमध्ये ‘बिंदू’ होऊन जगापुढे आला. आम्हा शिक्षकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी अशी आहे. ढ म्हणून मागच्या बाकावर बसवलेल्या मुलाला एक ठिपका दाखवणारा कुणीतरी हवा असतो.

हुसेन यांचा जन्म १९१५ सालचा, पंढरपूरचा. आई ते तान्हे असतानाच गेली. बडोद्याच्या मदरशात असताना त्यांनी अरबी खुशखती गिरवली. कूफी लिपीच्या सरळ, ठाम रेषेने त्यांचा हात घडला. मुंबईत आल्यावर त्यांनी सिनेमाचे मोठमोठे फलक रंगवून पोट भरले. पुढे मोठे नाव झाले, आणि वादही झाले. त्यांच्या काही चित्रांनी लोकांची मने दुखावली, खटले भरले गेले. २००६ साली त्यांनी देश सोडला, २०१० साली कतारचे नागरिकत्व घेतले आणि २०११ साली लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे सर्वच आपल्याला पटले पाहिजे असे नाही. परंतु पंढरपुरात जन्मलेला एक बिनआईचा मुलगा केवळ रेषेच्या बळावर कुठे पोहोचला, हे आपल्या मुलांना ठाऊक असावे.

या मंडळाच्या सोबत्यांत तय्यब मेहता आणि अकबर पदमसी हे होते. तय्यब मेहता बोहरा घरातले. १९४७च्या दंगलीत मोहम्मद अली रोडवरच्या घराच्या खिडकीतून त्यांनी एका माणसाला जमावाने ठार केलेले पाहिले. ते दृश्य त्यांना आयुष्यभर सोडून गेले नाही. त्यांच्या चित्रांत कोसळणारी, कापली गेलेली माणसे पुन्हा पुन्हा येत राहिली. दंगल पाहणारी मुले आपल्या वस्त्यांतही आहेत. कुणी त्या आठवणीचा राग करतो, कुणी ती गिळून टाकतो. तय्यब मेहतांनी तिचे चित्र केले आणि पाहणाऱ्याला विचार करावयास लावले.

आता मनातली गोष्ट. आपल्या अनेक घरांत चित्रकलेविषयी शंका आहे. ‘अब्बा, मला चित्रकलेच्या परीक्षेला बसायचे आहे’ असे मुलीने म्हटले की घरात दोन प्रश्न येतात. पहिला दीनचा, दुसरा रोजीचा. सजीवांच्या प्रतिमांविषयी शरियतचा निवाडा देण्याचा या लेखकाला अधिकार नाही. तो आलिमांचा विषय आहे आणि ज्याने त्याने त्यांना विचारावे. मात्र एवढे आपण सर्वच जाणतो की, कुराणशरीफच्या खुशखतीची, मेहराबीवरच्या वेलबुट्टीची आणि भूमितीच्या जाळीची जी कला मुसलमान कारागिरांनी जगाला दिली ती रेषेचीच आहे. विजापूरचा घुमट कागदावर आधी कुणीतरी आखलाच असेल. रोजीचे म्हणाल तर वास्तुशास्त्र, कापडावरची नक्षी, छपाई, दागिन्यांची घडण, या साऱ्यांना रेखाटन येणारा हात लागतो. शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांना आपल्या शाळांतून अधिक मुले बसावीत. अंजुमन-ए-इस्लाम ही १८७४ साली स्थापन झालेली आपली जुनी संस्था आणि जे. जे. स्कूल ही मुंबईत एकाच रस्त्यावर, हाकेच्या अंतरावर आहेत. आपल्या मुलांच्या मनात मात्र ते अंतर फार मोठे असते.

सार्वजनिक वास्तू एकदा वाचवली की काम संपत नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये याच चित्रालयात चित्रकार प्रभाकर बरवे यांच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी अमोल पालेकर यांनी, स्थानिक कलावंतांच्या सल्लागार समित्या राहिल्या नाहीत, निर्णय दूरवरून होतात, अशी खंत जाहीरपणे मांडली. प्रदर्शनापुरतेच बोलावे, असे सांगून त्यांना भाषणात पुन्हा पुन्हा अडवण्यात आले. त्या वादाचा न्याय करण्याचे हे स्थळ नव्हे. पण प्रश्न महत्त्वाचा होता : लोकांसाठी दिलेल्या घरात लोकांचा शब्द किती चालावा? हा प्रश्न दिल्लीला, मुंबईला आणि आपल्या गावच्या वक्फ कमिटीलाही सारखाच लागू आहे. आणि शब्द त्याचाच चालतो जो येतो-जातो, पाहतो आणि विचारतो. जो कधी उंबरठाच ओलांडत नाही त्याचा मत मागताना कुणी विचार करीत नाही.

म्हणून पालकांना एक विनंती आहे. पुढल्या वेळी मुंबईस जाल तेव्हा मुलांना घेऊन या इमारतीत अवश्य शिरा. सोमवारी ती बंद असते, एवढे लक्षात ठेवा. चित्रे बदलत असतात. जी असतील ती पाहा. समजली नाहीत तर संकोच नको. मोठमोठ्यांनाही पहिल्या भेटीत समजत नाहीत. जिना चढताना मुलांना सांगा की या आवारात एका पारशाचा, एका ज्यूचा, वसनजी मुळजींचा आणि आपल्या करीमभाई सेठचा पैसा आहे. बाहेर पायऱ्यांवर आल्यावर समोरचा घुमट दाखवा आणि तो विजापूरहून कसा आला ते सांगा. मग त्यांना हे आवार परके वाटणार नाही. आपण येथे पाहुणे नाही, भागीदार आहोत, हे ज्या मुलाला दहाव्या वर्षी कळले, तो विसाव्या वर्षी विद्यापीठाच्या दारात बिचकत उभा राहत नाही.

आणि परत आल्यावर आपल्या गावातल्या त्या कुलूपबंद इमारतीपुढे घटकाभर उभे राहा. एक खोली झाडून घेतली, चार बाके टाकली, भिंतीवर मुलांची खुशखती आणि चित्रे लावली, संध्याकाळी दिवा लावला, तरी ती पुन्हा सर्वांची होऊ लागेल. मोठ्या देणगीची वाट पाहावयाचे कारण नाही. मुंबईतही १२ वर्षे लागली.

ज्यांनी दिले त्यांचे दान अल्लाहतआला कबूल करो, आणि दिलेले सांभाळण्याची तौफिक आपल्याला देवो. आमीन.